खिशातलं अवजार आणि कमरेची कोयती

चौल-रेवदंड्याच्या रस्त्यावर माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. नट-बोल्ट, पीव्हीसी पाइप, जीआय तार, कुलपं, सुतळी, पंपाचे वायसर आणि पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्री. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतोय, मुलगी चालवणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलंय. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. गावातलं रोजचं, आणि शनिवारी मांडव्याला बोटीतून गाड्या उतरल्या की येणारं. २०२०च्या मार्चात भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहणारी रो-रो सुरू झाली, तेव्हापासून हे दुसरं गिऱ्हाईक वाढलं. त्यांच्या बंगल्यांचे नळ गळतात, त्यांच्या कुंपणाच्या तारा गंजतात, त्यांच्यावर माझं घर चालतं. तेव्हा पुढे जे लिहितोय ते कृतघ्नपणाने नाही, हे आधी नोंदवतो.

अशाच एका शनिवारी तिशीतला एक तरुण काउंटरशी आला. पायात ट्रेकिंगचे बूट, पट्ट्याला एक काळं पाकीट.

"काका, मल्टिटूल मिळेल का? ईडीसीसाठी हवंय."

ईडीशी याचा काही संबंध नाही. ईडीसी म्हणजे एव्हरीडे कॅरी, रोज अंगावर बाळगायच्या वस्तू. मला हे माहीत होतं, कारण मी स्वतः या भानगडीतून गेलोय. काचेच्या कपाटात माझ्याकडे तीन मल्टिटूल होतीच. मी विचारलं, "कशासाठी हवंय?"

"असं काही खास नाही. असावं जवळ. कधी काय लागेल सांगता येत नाही."

हा लेख त्या तरुणाविरुद्ध नाही. तो भला मुलगा होता, त्याने जाताना ताडपत्रीही नेली. हा लेख 'असावं जवळ' या दोन शब्दांविरुद्ध आहे.

अवजार आधी की काम आधी?

मल्टिटूलची जन्मकथा सांगतो, कारण ती विकणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते.

स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर नावाच्या माणसाने १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला. १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. त्या चाकूला पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं पातं आणि डिसमिस एवढंच होतं. का? तर सैनिकाला डब्यातलं अन्न उघडून खायचं होतं आणि आपली रायफल खोलून साफ करायची होती. दोन कामं ठरलेली, त्यांच्यापुरती अवजारं. बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा १८९७च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत आला, आणि मग एकेक पातं वाढत गेलं.

दुसरी कथा अमेरिकेतली. टिम लेदरमन नावाचा इंजिनिअर १९७५ मध्ये बायकोबरोबर जुनी फियाट घेऊन फिरतीवर निघाला. गाडी सारखी बंद पडायची, हॉटेलांचे नळ गळायचे. खिशात चाकू होता, पण दरवेळी हवी असायची ती पक्कड. घरी परतल्यावर त्याने चाकू आणि पक्कड एकत्र करायचा ध्यास घेतला आणि १९८३ मध्ये त्याचं पहिलं अवजार बाजारात आलं. मधली आठ वर्षं तो एका गळक्या नळाचं उत्तर शोधत होता.

दोन्ही कथांमध्ये काम आधी आहे, अवजार नंतर. आज आपण नेमकं उलटं करतो. अवजार आधी घेतो, पाती मोजतो, सोळा की अठरा यावर रात्र जागवतो, आणि मग घरात फिरत राहतो, काही सैल झालंय का ते बघत. मी स्वतः हे केलंय. मी दहा-बारा हजारांचं एक अमेरिकन मल्टिटूल घेतलं, २०१९च्या दिवाळीत. दुकानात हाताशी हजार अवजारं असलेल्या माणसाने! पट्ट्याला लावून हिंडायचो. पहिल्या महिन्यात त्याने मी काय काय केलं, तर कुरिअरची खोकी फोडली आणि लोकांना ते उघडून दाखवलं. दुसरं काम जास्त वेळा केलं.

३ जून २०२०

त्या दिवशी दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. अलिबागपासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांतून येते, तिथे पिढ्यांनी उभ्या केलेल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ लावली की हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या दुपारी काय गेलं ते कळेल.

संध्याकाळी वारा पडला. फोन बंद, वीज गेलेली. ती पुढे कित्येक दिवस आली नाही. माझी काकू वाडीतल्या घरात एकटी होती. काका गेल्यापासून ती एकटीच राहते आणि कोणाकडे यायला तयार होत नाही. ४ तारखेला उजाडताच मी निघालो. पट्ट्याला मल्टिटूल. खोटं कशाला बोलू, मनात एक कोपरा खूश होता. ज्या 'कधी काय लागेल'साठी हे घेतलं होतं, तो दिवस आला होता.

वाडीच्या गल्लीच्या तोंडाशीच एक जुना आंबा आडवा पडला होता. त्याच्यावर दोन पोफळी, त्यांच्यावर विजेची तार. तार बंद आहे याची खात्री शेजारच्या वायरमनने करून दिली. मी मल्टिटूलची करवत उघडली. करवत म्हणजे बोटाएवढी. मनगटाएवढी एक फांदी कापायला मला दहा मिनिटं लागली आणि तळहातात एक लाकडाची शिलक घुसली. त्या झाडाला अशा फांद्या शंभर होत्या.

तेवढ्यात वाडीतला गडी आणि त्याचा भाऊ आले. दोघे कातकरी, वस्ती टेकडीच्या अंगाला. त्यांचीही घरं उडाली होती, तरी ते आले होते. दोघांच्या पाठीमागे कमरेला आकडी, आकडीत कोयती. पुढच्या तासाभरात त्यांनी काय केलं ते मी नीट पाहिलं, कारण माझ्याजवळ पाहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

कोयतीच्या वाकड्या नाकाने लांबची फांदी ओढून घ्यायची. पोटाच्या धारेने दोन तिरके घाव घालायचे, फांदी खाली. मुठीजवळच्या सरळ धारेने खुंटाचं अणकुचीदार टोक तासून टाकायचं, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पोटात जाणार नाही. अडकलेल्या पोफळीखाली फांदीची पाचर मारायची आणि ती ठोकायची कोयतीच्या पाठीने. पडलेल्या झावळ्यांचे हीर काढून भाऱ्याला बांधायला दोर केला, तोही कोयतीनेच. मध्येच एकाने एक शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. एकच पातं. घडी नाही, स्प्रिंग नाही, कुलूप नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आंब्याचा बुंधा कोयतीनेही तुटला नाही. तो दोन दिवसांनी यांत्रिक करवतीने कापला. कोयतीने फक्त माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली. पण ४ जूनच्या सकाळी तेवढीच वाट हवी होती.

काकू ओटीवर बसली होती, डोक्यावर निम्मी कौलं नव्हती. माझा हात पाहून म्हणाली, "इकडे ये." तिने हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, काडीच्या ज्योतीवर धरली आणि ती शिलक दोन झटक्यांत वर आणली. मी आधी माझ्या मल्टिटूलच्या पकडीने प्रयत्न केला होता. बारा हजारांच्या पकडीचं नाक त्या शिलकीला फार जाड होतं.

सोळा पाती, शून्य हात

आता कोणी म्हणेल, एका वादळावरून निष्कर्ष काढू नका. बरोबर. मल्टिटूल वादळासाठी नसतंच. मग रोजचं बघू.

रोजच्यात या किनाऱ्यावर मल्टिटूलचा पहिला शत्रू खारी हवा आहे. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं असा समज घेऊन गिऱ्हाईक येतं. स्टेनलेस कमी गंजतं, गंजत नाही असं नाही. मिठाच्या हवेत त्यावरही बारीक खड्डे पडतात. आणि मल्टिटूलमध्ये गंज बसतो तो सांध्यात, जिथे डोळा पोचत नाही. त्यात रेती गेली की घडी अडते. दोन पावसाळे झाल्यावर माझ्या अवजाराची कात्री उघडेना. कोयती तर साध्या पोलादाची, ती याहून लवकर गंजते. पण ती रोज हातात असते, गंज उघड्यावर दिसतो, संध्याकाळी दगडावर घासली आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की संपलं. ज्या अवजाराची काळजी शेंबड्या पोरालाही घेता येते, ते टिकतं. ज्याची काळजी घ्यायला आधी व्हिडिओ बघावा लागतो, ते कपाटात जातं.

दुसरी गोष्ट मूठ. अवजाराची खरी किंमत मुठीत असते. ओल्या, घामट, माशाच्या खवल्यांनी बुळबुळीत हातात ते ठरतं का? मल्टिटूलमध्ये मूठ म्हणजे बाकीच्या अवजारांची पेटी. जोर लावला की कडा तळहातात रुततात. सोळा अवजारांना मिळून एक मूठ, आणि ती सोळापैकी कशासाठीच केलेली नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. कोयतीची चार-पाच कामं कोयतीत नसतात, ती हातात असतात. नाक, पोट, पाठ हे सगळं एकाच लोखंडाचं. कुठला भाग कधी वापरायचा हे त्या गड्याला बापाने शिकवलं, झाडावर चढवून, शिव्या घालून. मल्टिटूल नेमकं हे शिकणं टाळायचं आश्वासन विकतं. पाती आमच्याकडे आहेत, तुम्ही फक्त पैसे द्या. विक्रीला असते ती तयारी असल्याची भावना, आणि ती भावना इतकी पुरेशी वाटते की माणूस खरी तयारी करतच नाही. माझ्या बंगलेवाल्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांकडे उत्तम अवजारं आहेत, पण पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे विचारलं की ते रखवालदाराला फोन लावतात.

'आपल्याकडे हे आधीच होतं' म्हणणाऱ्यांना

इथवर वाचून काही वाचक खूश झाले असतील. आपल्या पूर्वजांची कोयती ती कोयती, परदेशी खेळणी ती खेळणी. थांबा. तुमच्याशीही माझं भांडण आहे.

आपल्याकडे अंगावर बाळगायच्या अवजारांची मोठी परंपरा होती हे खरं. कमरेची चंची घ्या. पान, सुपारी, कात, चुना यांचे वेगवेगळे कप्पे आणि त्यात छोटा अडकित्ता. कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा एका कडीत ओवलेला जुडगा घ्या, तो जुन्या घरांत अजून सापडतो. स्वयंपाकघरातली विळी घ्या, आमच्याकडे काही घरांत तिला मोरळी म्हणतात. पुढे खवणी, मागे पातं, पाट म्हणजे बैठक. चिरणं, सोलणं, खवणं, मासळी साफ करणं, सगळं एकावर. दोन्ही हात मोकळे, पातं स्थिर. अवजार स्थिर ठेवून वस्तू फिरवायची ही कल्पना मला आजही अफाट वाटते.

पण या परंपरेचं कौतुक करणाऱ्यांना मी दोन प्रश्न विचारतो. पहिला, तुमच्या घरची विळी शेवटची कधी पाजवली? आणि कोणी? दुसरा, कोयतीला पाणी देणारा लोहार तुमच्या पंचक्रोशीत उरलाय का?

माझ्या लहानपणी आमच्याकडे कोयत्या शेजारच्या गावच्या लोहाराकडून यायच्या. ट्रकच्या मोडक्या पाट्याचं पोलाद, कोळशाची भट्टी, घणाचे घाव, मग तापलेलं पातं पाण्यात. पाणी किती द्यायचं हे तो रंगावरून ठरवायचा. जास्त दिलं तर धार तडकते, कमी दिलं तर वळते. गिऱ्हाइकाचा हात बघून तो वजन ठरवत असे. पोफळीवर चढणाऱ्याची कोयती हलकी, लाकूडतोड्याची जड. त्याचा मुलगा आज टेम्पो चालवतो आणि बापापेक्षा बरं कमावतो. मी त्याला दोष देणार नाही. दोष द्यायचा तर आधी मला द्यावा लागेल. बाहेरगावच्या कारखान्यातल्या, एकाच मापाच्या, नळीच्या मुठीच्या कोयत्या मी दुकानात ठेवायला लागलो, कारण त्या शंभर रुपयांनी स्वस्त पडत होत्या. लोहार माझ्या दुकानासमोरून जायचा, थांबायचा नाही. परंपरेचे गोडवे गाणाऱ्या एकानेही माझ्याकडे येऊन 'मला त्याचीच कोयती हवी, शंभर जास्त घे' असं म्हटलं नाही.

आणि परंपरेच्या नावाने खिशाचीच गोष्ट करायची, तर खिसा कोणाला होता? रोज अंगावर काय बाळगायचं या साऱ्या चर्चेत पट्टा, खिसा, पॅन्ट गृहीत असते. म्हणजे पुरुष. माझ्या काकूला खिसा नाही. तिच्याकडे बांगडी आहे आणि बांगडीला तीन सेफ्टी पिना. लहान, मध्यम, मोठी. त्या पिनांनी तिने काटे काढले, नाड्या ओवल्या, पदर लावले, तुटलेल्या चपलेचा पट्टा बाजारातून घरापर्यंत आणला, आणि मुंबईला बहिणीकडे जाताना गर्दीच्या लोकलमध्ये एका हलकट हाताला त्याची जागा दाखवली. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने ही पिन काढली आणि तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. परदेशीच वस्तू आहे, पण बांगडीला लावायची युक्ती आपल्या बायकांची. एवढ्या वर्षांत पिनेचं परीक्षण करणारा व्हिडिओ कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. स्वस्त असलेलं, बायकांच्या अंगावरचं अवजार आपल्याला अवजार वाटतच नाही.

आकडीतून गोणपाटात

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तोच गडी वाडीतलं काम आटपून मोटरसायकलवर मागे बसून घरी चालला होता. पाठीला आकडी, आकडीत कोयती, जशी रोज असते. वाटेत नाकाबंदी होती. त्याला उतरवलं. कोयती काढून टेबलावर ठेवली. हे कशाला? पोफळीवर चढायला, सायब. रात्रीचं? काम आत्ता सुटलं, सायब. त्याला बसवून ठेवलं. मला निरोप आला, मी गेलो, दोन तास गेले. हा आमच्या वाडीत कामाला आहे, मी याला वीस वर्षं ओळखतो, असं सांगितलं. माझं दुकान, माझं आडनाव, माझं बोलणं पाहून त्याला सोडलं. कोयती दुसऱ्या दिवशी मिळाली.

त्या टेबलासमोर मी उभा होतो तेव्हा माझ्या पट्ट्याला मल्टिटूल होतं. तीन इंचांचं, कुलूप बसणारं, दाढी होईल इतकं धारदार पातं. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. उलट निघताना एकाने विचारलं, "लेदरमन का? कितीला पडलं?"

कायदा इथे स्पष्ट आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याने शस्त्राची व्याख्या करतानाच निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. २०१६च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं यादीत आहेत, पण तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. म्हणजे कोयतीसाठी कायद्याने दार उघडं ठेवलंय. दारावर उभा असलेला माणूस मात्र पातं बघत नाही, ते कोणाच्या कमरेला आहे ते बघतो.

मला पोलिसांची अडचण कळत नाही असं नाही. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुजला. कोयते घेऊन गाड्या फोडणारी, माणसांवर वार करणारी पोरं लोकांनी पाहिली. कोयता घेणाऱ्याची ओळख विक्रेत्याने नोंदवावी, अशा सूचना तिथे निघाल्याच्या बातम्याही आल्या. भीती खोटी नाही. पण शहरातल्या टोळीने एका शेतीच्या अवजाराचं नाव पळवलं, आणि त्याची किंमत तो माणूस भरतोय ज्याला ते अवजार रोज सकाळी लागतं. कातकऱ्यांचं नावच कातावरून पडलं. खैर तोडून, शिजवून कात काढणं हा त्यांचा धंदा होता. जंगल गेलं, कात गेला, उरली ती धार आणि ती चालवणारा हात. आज सरकार दरबारी ते विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्या असुरक्षित माणसाची एकमेव मिळकत म्हणजे त्याची कोयती, आणि तीच त्याला संशयित करते.

त्या दिवसापासून त्याने आकडी लावणं सोडलं. कोयती गोणपाटात गुंडाळून पिशवीत नेतो. मी म्हटलं, उघडी ठेव, लपवलीस तर जास्त संशय येईल. तो म्हणाला, "दादा, उघडी होती तेव्हाच धरलं ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडी ही नुसती खुंटी नव्हती. ती पाठीवर असली की दोन्ही हात झाडाला मोकळे राहायचे, आणि समोरच्याला दुरूनच कळायचं की हा माणूस कामावर चाललाय. अवजार उघड बाळगणं हीच त्याच्या प्रामाणिकपणाची खूण होती. ती आपण त्याच्या पाठीवरून उतरवली.

मल्टिटूलच्या चर्चेत मला टोचते ती हीच गोष्ट. एकाने पातं बाळगलं की तो छंद, जीवनशैली, सज्जता. दुसऱ्याने बाळगलं की नाकाबंदी. ज्याला ते लागत नाही त्याच्यासाठी बाजार नवनवी पाती काढतो. ज्याला ते लागतं त्याच्या कमरेवर आता जागा नाही.

तर मग निवडायचं कसं?

मी दुकानदार आहे, शेवटी काहीतरी उपयोगाचं सांगायला हवं.

अवजार घ्यायच्या आधी आठवडाभर एक कागद खिशात ठेवा. रोज आपल्या हाताने काय काय उघडलं, कापलं, आवळलं, ओढलं ते लिहा. दुसऱ्याकडून करून घेतलेलं लिहू नका. आठवड्याने कागद घेऊन या, मी सांगतो काय घ्यायचं. कित्येकांच्या कागदावर खोकी फोडणं आणि चार्जरची पिन काढणं एवढंच निघेल. त्यांना छोटा साधा चाकू पुरे, किंवा तोही नको, घराची किल्ली पुरे.

बोटीवर इंजिनाकडे बघणारा, पंप दुरुस्त करत हिंडणारा, सौरदिव्यांची जोडणी करणारा, यांच्या कागदावर पक्कड, डिसमिस आणि पातं पुन्हा पुन्हा येईल. खांबावर चढल्यावर तिन्ही हवीत आणि खाली उतरायची सोय नाही. त्यांनी मल्टिटूल जरूर घ्यावं, चांगलं घ्यावं, पाचशेची ऑनलाइन नक्कल घेऊ नये. तिचे सांधे पहिल्याच जोराला ढिले होतात आणि पक्कड घसरली की बोट जातं. मल्टिटूल अशा माणसांसाठीच जन्मलं, टिम लेदरमनच्या गळक्या नळापाशी. माझी तक्रार अवजाराशी नाहीच.

ज्याच्या कागदावर झावळ्या, कुंपण, लाकूड, नारळ आहे त्याने कोयती घ्यावी. आणि लोहाराची घ्यावी. शंभर रुपये जास्त पडतील. ज्याच्या कागदावर बटणं, नाड्या, काटे आहेत त्याने पाच रुपयांच्या पिना घ्याव्यात आणि काकूला नमस्कार करावा.

काहीही घेतलंत तरी धार लावायला शिका. कानस कुठल्या कोनात धरायची, दगड ओला करायचा की कोरडा, धार बोटाने कशी अजमावायची, हे एका रविवारी येतं. ज्याला आपलं एक पातं पाजवता येत नाही, त्याच्यासाठी सोळा पाती म्हणजे सोळा बोथट पाती.

आणि रस्त्यात कोणाच्या पाठीला आकडी दिसली, त्याला अडवलेलं दिसलं, तर गाडी थांबवा. तुमचं इंग्रजी आणि तुमची गाडी त्या टेबलापाशी दुर्दैवाने उपयोगी पडते. पडू नये, पण पडते. तुमच्या पट्ट्यावरच्या अवजाराने जे होणार नाही ते तुमच्या दोन मिनिटं थांबण्याने होईल. अलिबाग-मुरूडच्या वाड्यांतली शहाळी तुम्ही पिता ती त्याच्या कोयतीने उतरलेली असतात, एवढं तर आपण त्याचं लागतो.

त्या शनिवारच्या तरुणाला मी हा सगळा उपदेश केला नाही. दुकानात गर्दी होती. मी फक्त कागदाचं सांगितलं. तो हसला, मल्टिटूल न घेता गेला. माझं नुकसान झालं. पुढच्या महिन्यात परत आला आणि काउंटरवर कागद ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या. दोन खोक्यांच्या. तिसरी होती, 'बंगल्यामागचा वेल कापायचा आहे, माळी येत नाही.'

मी त्याला कोयती दिली, कारखान्याची, कारण माझ्याकडे दुसरी नव्हती. धरायची कशी ते दाखवलं. मग त्याने विचारलं, "काका, ही गाडीतून मुंबईला नेली तर काही प्रॉब्लेम?"

मी म्हटलं, "तुम्हाला? नाही."